टेक्का सेंटर, सिंगापूर: मॉलमधलं इंडियन रेस्टॉरंट सोडा आणि इथे जेवा

सिंगापूरला फिरायला जाणारे आपले कितीतरी लोक टूरवाल्याने नेलं त्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये पनीर बटर मसाला खाऊन परत येतात आणि मग सांगतात की तिथे खायला काही खास नाही, वर महाग किती! ऐकून खरंच वाईट वाटतं. कारण लिटल इंडिया एमआरटी (मेट्रो) स्टेशनच्या सी एक्झिटने वर आलं की शेजारीच टेक्का सेंटर आहे, आणि माझ्या मते सिंगापूर काय चीज आहे हे कळायला यापेक्षा चांगली जागा नाही.

हे हॉकर सेंटर आहे, म्हणजे एका मोठ्या छपराखाली लहान लहान स्टॉल आणि मधे सगळ्यांची मिळून टेबलं. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना सरकारने अशा सेंटरांमध्ये जागा दिली, नळ दिला, ड्रेनेज दिलं, आणि धंदा चालू राहिला. टेक्काची ही इमारत १९८२ ची. २०२० मध्ये सिंगापूरच्या या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या गाडीवाल्यांनाही अशी हक्काची जागा आणि पाणी मिळालं तर काय बहार येईल.

आता खाण्याचं. बिर्याणी तर इथली फेमस आहेच, मटणाची घ्या, पण माझं ऐकाल तर आधी ‘मी गोरेंग’ ही नूडल्सची डिश घ्या. पिवळे जाड नूडल्स चायनीज, मोठ्या कढईत परतणारे तमिळ मुसलमान, नाव मलय, त्यात टोमॅटो, मिरची, अंडं, आणि रंग एकदम लालभडक. ही डिश भारतातून आलेली नाही आणि चीनमधूनही नाही, इथेच शेजारी शेजारी राहून तयार झाली. इंडियन रोजकचं पण तसंच, काचेमागे तळलेले वडे, टोफू, बटाटे, कोळंबीची भजी मांडून ठेवलेली असतात, आपण बोट दाखवायचं, ते पुन्हा गरम करून कापून देतात आणि सोबत गोड-तिखट घट्ट सॉस. संध्याकाळी चारच्या भुकेला हे एक नंबर.

सकाळी गेलात तर रोटी प्राटा. पीठ हातावर फिरवत फिरवत पातळ करतात, दुमडतात आणि तव्यावर टाकतात, बाहेरून कुरकुरीत आणि आत पापुद्रे, सोबत डाळीची किंवा मटणाची करी. लहान मुलं साखरेबरोबर खातात. वर तेह तारिक, फेसाळ दुधाचा चहा, गोड असतो, बिनसाखरेचा हवा तर आधीच सांगा.

शाकाहारी लोकांनी मात्र थोडं जपून. नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही, चटणी-सॉसमध्ये सुकी कोळंबी असू शकते, एकाच तव्यावर सगळं होतं, म्हणून स्पष्ट विचारा. भारतीय शाकाहारी स्टॉल मिळतात, आणि अगदीच मन घेत नसेल तर सेरंगून रोडवर चालत जाण्याच्या अंतरावर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, डोसा आणि केळीच्या पानावरचं जेवण. चायनीज बौद्ध शाकाहारी स्टॉल दिसला तर नक्की ट्राय करा, त्यांच्याकडे कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे जैन मंडळींनी जरूर चौकशी करावी.

खर्चाचं म्हणाल तर रेस्टॉरंटमध्ये बहुतेक ठिकाणी बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागतो, इथे बोर्डावर लिहिलंय तेवढेच द्यायचे, टिप वगैरे काही नाही. थोडी कॅश जवळ ठेवा.

गैरसोय आहे, नाही असं नाही. एसी नाही, फक्त पंखे, दुपारी घामाच्या धारा लागतात, आणि बारा ते दीड ऑफिसवाल्यांची एवढी गर्दी की ताट हातात घेऊन उभं राहावं लागतं. रविवारी तर बाहेरच्या रस्त्यावरही पाय ठेवायला जागा नसते, सुट्टी असलेले कामगार मित्रांना भेटायला येतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट किंवा छत्री दिसली तर ती जागा धरलेली आहे, ते उचलून बसू नका. आणि खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, हलालसाठी वेगळा रॅक असतो तो बघून ठेवा. २०२१ पासून हा नियमच आहे, आधी लेखी ताकीद मिळते आणि पुन्हा सापडलात तर ३०० सिंगापूर डॉलर दंड. मला हा नियम फार आवडतो, म्हाताऱ्या सफाईवाल्या काकूंचं काम तेवढंच हलकं होतं.

त्याच इमारतीत मासळी-मटण-भाजीचा बाजार आहे, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, ताजा बांगडा सगळं मिळतं, वरच्या मजल्यावर साड्या आणि कपडे. बाजार बघायचा असेल तर सकाळीच जा आणि प्राटा खाऊन मग वर चढा. सोमवारी बरेच स्टॉल बंद असतात, तो दिवस टाळा.