दाराला अडकवायची शोल्डर पुली, काही महिने वापरून झाल्यावर

कबड्डीत पकड करताना माझा उजवा हात बाहेर लांब होता, रेडर अंगावर आला आणि हात तसाच आत दाबला गेला. एक्स-रे नॉर्मल, साध्या एमआरआयत विशेष काही नाही, मग निदान काय तर फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडणं, आणि व्यायामाला ही पुली आणायला सांगितली.

वस्तू साधीच आहे, पट्टा दाराच्या वरच्या फटीत अडकवायचा, दोरीला दोन हँडल, चांगल्या हाताने खेचलं की दुखरा हात वर जातो. तर माझा हात पूर्ण वर जायचा! फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी खांदा अडतो, हात बाहेर वळवताना तर जास्तच, माझा कुठेच अडत नव्हता, फक्त एका ठराविक जागी आत कट् व्हायचं आणि खोल कळ यायची. फिजिओ मॅडमनी ते बघितलं, खांदा स्वतः फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, हा फ्रोझन नाहीये, शोल्डरच्या सर्जनना दाखवा."

सर्जननी एमआर आर्थ्रोग्राम करायला लावला. तेवढ्या जागेला भूल देऊन सुईने सांध्यात पातळ केलेलं गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयत उठून दिसणारं औषध, सोडतात, साधारण 10-12 मिली, आणि मग एमआरआय. खांदा आतून टम्म वाटतो, पण ते पाणी बारीक फटीत शिरतं म्हणून लपलेलं दिसतं. हात डोक्यामागे ठेवूनही फोटो काढले, तसं पडून राहणं जिवावर येतं पण हलू नका, लॅब्रमची, म्हणजे खांद्याच्या वाटीभोवतीच्या चिवट कडेची, पुढची बाजू त्याच पोझिशनमध्ये ताणून नीट दिसते.

निघालं ग्लॅड लीजन. खांद्याच्या वाटीच्या पुढच्या-खालच्या कडेला लॅब्रम वरवर फाटलेलं आणि त्याला लागूनच कार्टिलेजला, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत कूर्चेला, इजा. नेव्हिॲसर नावाच्या डॉक्टरांनी हे 1993 मध्ये मांडलं. खांदा सहसा निखळत नाही, ढिला लागत नाही, नुसता दुखतो, म्हणून पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. माझं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, सुटलेलं कार्टिलेज साफ केलं, लॅब्रम शिवलं, आणि सर्जननी परवानगी दिल्यावर पुली परत सुरू.

आता पुलीबद्दल. दोरी अजून टणक आहे, हँडलचा फोम मात्र घामाने सुटत चाललाय. पाचपैकी चार स्टार. मार लागल्यावर दुखतंय आणि हात पुलीवर आरामात वर जातोय असं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगाच. आणि पुली लावताना दाराला आतून कडी घाला, कोणी बाहेरून ढकललं तर पट्टा सुटतो आणि ऑपरेशन झालेल्या खांद्याला तो झटका अजिबात परवडत नाही.