गच्चीची गळती लवकर पकडायला: साठवलेलं पाणी की थर्मल कॅमेरा?

छताला डाग पडण्याआधीच गळती पकडायची असेल, तर माझा कौल पाणी साठवून पाहण्याला. पाणी जाण्याची तोंडं घट्ट बंद करायची, गच्चीत साधारण 25 मिलिमीटर पाणी भरायचं आणि 24 ते 48 तास तसंच ठेवायचं. मग खालून स्लॅब बघायचा, विशेषतः पाइप आरपार जातो तिथे आणि भिंतीच्या कोपऱ्यांत. टॉर्च तिरकी धरा; रंगाला आलेला बारीकसा फुगाही नजरेत भरतो. पण वजनाचं भान हवं: दर चौरस मीटरला 25 किलो! स्लॅब जुना, तडे गेलेला असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय हे अजिबात करू नका. उतरत्या छपराला ही पद्धत चालतच नाही.

थर्मल कॅमेरा कुठेही चालतो, तोडफोडही नाही. मात्र तो ओल नव्हे, तापमानातला फरक दाखवतो. ओला भाग बाष्पीभवनामुळे थंड दिसतो, आणि एसीचा झोत लागणारा कोरडा भागही तसाच. म्हणून संशयाची जागा ओलावा मोजणाऱ्या मीटरने पडताळायलाच हवी. शिवाय छत कोरडंठाक असताना कॅमेरा लावून उपयोग नाही. चांगला पाऊस होऊन गेला की लगेच बघा.