‘हॉल्ट अँड कॅच फायर’ : कॉम्प्युटरचं काम काम म्हणून दाखवणारी मालिका

पडद्यावर कॉम्प्युटर दिसला की माझं लक्ष आधी बसलेल्या माणसाच्या हातांकडे जातं. बहुतेक ठिकाणी बोटं की-बोर्डवर नुसती पळत असतात, प्रत्येक अक्षराला टिक्‌टिक्‌ आवाज होतो आणि स्क्रीनभर लाल अक्षरांत ‘ॲक्सेस डिनाइड’ झळकतं. आपल्या पोलिसी मालिकांत सीसीटीव्हीचं धुरकट चित्र मोठं करत गेलं की गाडीचा नंबर लख्ख दिसतो. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते झूम करून येणार कुठून? माझी नोकरी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये झाली. या कामात किती ताण, किती चुरस असते ते मी मुलांच्या चेहऱ्यांवर बघितलंय. ते सगळं सोडून हे लोक दिवे लुकलुकवत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून ‘हॉल्ट अँड कॅच फायर’बद्दल लिहायला बसलो. अमेरिकेतल्या एएमसी वाहिनीवर ही मालिका २०१४ ते २०१७ या काळात आली. चार पर्वं, प्रत्येकी दहा भाग. गोष्ट सुरू होते १९८३ मध्ये, टेक्ससमधल्या डॅलसच्या परिसरात. आयबीएम सोडून आलेला जो मॅकमिलन आणि कार्डिफ इलेक्ट्रिक या (मालिकेतल्या) कंपनीत खितपत पडलेला इंजिनिअर गॉर्डन क्लार्क मिळून आयबीएम पीसीची नक्कल करायला घेतात.

पहिल्याच भागात गॉर्डनच्या गॅरेजमध्ये दोघं आयबीएमच्या बायॉसची, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, रॉम चिप (तो प्रोग्रॅम कायमचा साठवलेली चिप) वाचतात. चिपमधल्या एकेका पत्त्यावरचा, म्हणजे साठवणीच्या जागेवरचा, आकडा बघायचा, एकाने सांगायचा, दुसऱ्याने कागदावर उतरवायचा. पुन्हा पुढचा पत्ता. तासन्‌तास तेच. आमच्या लॅबमध्ये ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची सरावाची किट होती. मुलं वहीत प्रोग्रॅम लिहून हातानेच त्याचे हेक्स कोड (यंत्राला कळणारे आकडे) काढायची, एकेक बाइट चढवायची आणि शेवटी ७६ टाकायची, म्हणजे हॉल्ट, ‘थांब’ ही आज्ञा. मध्ये एक आकडा चुकला की सगळं पहिल्यापासून तपासायचं. ते कंटाळवाणं काम आणि त्यातली जिद्द कुणी इतक्या आदराने दाखवलेली मी याआधी पाहिली नव्हती.

इथे एक तांत्रिक हरकत आहे, आणि ती लहान नाही. आयबीएमने बायॉसचं पूर्ण लिस्टिंग, म्हणजे ओळीओळीने सगळा कोड, आपल्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये छापलं होतं. ते विकत मिळायचं. चिप अशी खोदून काढायची गरज नव्हती. खरी अडचण कायद्याची होती. ज्याने तो कोड वाचला, त्याने नवा बायॉस लिहिला तर कॉपीराइटचा दावा ठरलेला. म्हणून कोड न पाहिलेला माणूस वेगळा बसवून लिहून घ्यावा लागे. हा भाग मालिकेने चोख पकडलाय. कॅमरन हाउ ही कॉलेजातली मुलगी त्यासाठीच आणली जाते, आणि गॉर्डनला तिच्या कोडपासून लांब राहावं लागतं. ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने खऱ्या जगात हेच केलं. १९८२ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतून बाहेर पडलेल्या तिघांनी ती कंपनी काढली. त्यांचं पहिलं ‘पोर्टेबल’ मशीन साडेबारा किलोच्या आसपास होतं! मालिकेत यंत्राला मूठ लावण्यावरून आणि वजनावरून होणारी भांडणं म्हणूनच मला पटतात.

गॉर्डनची बायको डॉना स्वतः टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये इंजिनिअर आहे. कॅमरनचा डेटा उडतो तेव्हा तो परत मिळवायला डॉनाच येते आणि शांतपणे, पायरीपायरीने कामाला लागते. त्या भागात डॉना झालेल्या केरी बिशेने जो एकाग्र चेहरा धरलाय, तसा चेहरा चांगल्या तंत्रज्ञाचाच असतो. पुढे दुसऱ्या पर्वात डॉना आणि कॅमरन ‘म्युटिनी’ ही खेळांची कंपनी चालवतात. भाड्याच्या घरात वायरींचं जंजाळ, कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरची रांग, फोन लाइनवरून चालणारे खेळ. लोक खेळापेक्षा एकमेकांशी गप्पा मारायलाच लाइनवर येतायत, हे डॉनाच्या लक्षात येतं. त्याच वेळी जो एका तेल कंपनीतला रात्री रिकामा पडणारा मेनफ्रेम, म्हणजे मोठा कॉम्प्युटर, भाड्याने द्यायची शक्कल काढतो. यातली एकही गोष्ट जादूची वाटत नाही.

उणं सांगायचं तर पहिल्या पर्वात जोचं गूढ फार ताणलंय. त्याची भाषणं, नाटकी संताप, उगाच अंगावर येणारे प्रसंग. यंत्राभोवतीची माणसं पुरेशी रंजक असताना हा मसाला कशाला हवा होता? दुसऱ्या पर्वापासून तो कमी होतो. तिसऱ्यात मंडळी कॅलिफोर्नियाला जातात आणि शेवटच्यात वेबवर शोध घेण्याची स्पर्धा येते. तिथे गॉर्डनचं जे होतं ते सांगणार नाही. गॉर्डन झालेल्या स्कूट मॅकनेरीचं काम मात्र चुकवू नका.

पाचपैकी साडेचार. पहिलं पर्व गाळून दुसऱ्यापासून बघा, असं काही जण सुचवतात. मी नाही सुचवणार. गॅरेजमधली ती आकडेमोड बघितल्याशिवाय पुढे गॉर्डनचा जीव एका बोर्डात का अडकतो, ते कळायचं नाही. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला असलेलं पोर घरात असेल तर पहिला भाग त्याच्याबरोबर बघा. मोठ्यांसाठीचे काही प्रसंग आहेत, लहानांना बाजूला ठेवा.