१४४१६ वर फोन केल्यावर पुढे काय? धास्तावलेल्या मुलांसाठी टेली-मानस कितपत कामाचं

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठी ब्रह्मनाळला बोट उलटली. जुलै २०२१ मध्ये पाटण खोऱ्यात मिरगाव, आंबेघरला दरडी कोसळल्या. अशा प्रसंगातून वाचलेल्या पोराला खरचटलेलंही नसतं, म्हणून घरचे निर्धास्त होतात. पुढच्या पावसाळ्यात रात्री पत्र्यावर सर वाजली की तेच पोर ताडकन उठून बसतं, आईचा पदर सोडत नाही, नऊ वर्षांचं असून अंथरूण ओलं करतं. ‘बाहेरचं झालंय’ म्हणत अंगारा लावला जातो आणि शाळा सुटते ती सुटतेच. अशा घराला पैसे न मोजता लगेच मिळणारी मदत म्हणजे केंद्र सरकारची टेली-मानस, म्हणजे फोनवरची मानसिक आरोग्य सेवा.

ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज दिसली तर तज्ज्ञाकडे जोडतात किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवतात. एसटीचं भाडं नाही, रोज बुडत नाही आणि वेड्याच्या डॉक्टरकडे गेले म्हणून गावभर चर्चा होत नाही. खेड्यात या शेवटच्या गोष्टीची किंमत फार मोठी आहे.

फोनआधी कागदावर टिपून घ्या: घटना कधी घडली, बदल कधीपासून, आठवड्यात किती रात्री झोपमोड होते, शाळा किती बुडाली, मूल काय टाळतं. फोन मुलाच्या कानावर पडू देऊ नका. पोरासमोर त्याचीच कहाणी पुन्हा उगाळली की ते आणखी मिटून घेतं. घटनेला महिना झाला नसेल तर बहुतेक मुलं घरच्यांच्या जवळ झोपणं, वेळेवर जेवण आणि शाळा एवढ्यावर सावरतात. महिना उलटूनही त्रास तसाच असेल तर उपचार लागतात. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका.

सेवेची मर्यादा इथून सुरू होते. दरवेळी फोन तोच माणूस उचलेल असं नाही, आणि आघातावरचा, म्हणजे अशा प्रसंगाने मनाला बसलेल्या धक्क्यावरचा खरा उपचार एका माणसासोबत महिनोन् महिने चालतो. म्हणून फोन ठेवण्याआधी विचारून घ्या: सिव्हिलमध्ये मुलांना कोण बघतं, कोणत्या वारी, आणि आघातावरची समुपदेशन पद्धत तिथे होते का. नुसतं ‘जिल्हा रुग्णालयात जा’ एवढ्यावर समाधान मानू नका.

आघात-केंद्रित पद्धतीत साधारण १२ ते १६ बैठका होतात, आणि प्रत्येक बैठकीतला वेळ मूल आणि पालक यांच्यात वाटलेला असतो. सुरुवातीच्या बैठकांत शरीर शांत करायला शिकवतात. घरी सराव सोपा आहे: मुलाला उताणं झोपवून पोटावर रिकामी वाटी ठेवायची. श्वास घेताना वाटी वर, सोडताना हळूहळू खाली. ती पडली नाही की पोरालाच मौज वाटते. हे बसलं की मग प्रसंग थोडाथोडा सांगणं किंवा चितारणं. सराव न करताच प्रसंगाला हात घातला तर भीती उलट वाढते. नीट चाललेल्या उपचारातही या टप्प्यावर काही दिवस स्वप्नं वाढू शकतात, आणि नेमकं तेव्हाच घरचे येणं बंद करतात. आधी सांगून ठेवलं तर गळती कमी होते. बाप एकदाही आला नाही तर काम अर्धवट राहतं, कारण रात्री दचकलेल्या पोराला ‘पोरगा असून रडतोस?’ म्हणणारा बहुधा तोच असतो.

पहिल्या महिन्यात झोपेच्या गोळीचा आग्रह धरू नका. अशा मुलांना बेंझोडायझेपिन गटातली (झोप आणणारी, धास्ती दाबणारी) औषधं देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा सल्ला आहे. प्रकरण लैंगिक अत्याचाराचं असेल तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मदत मिळते. मुलाला चारचौघांत पुन्हापुन्हा विचारू नका.

कराड-वाळव्याकडे ऊसतोडीला कोयता घेऊन आलेल्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. हंगाम साधारण चार-पाच महिन्यांचा, म्हणजे आठवड्याला एक बैठक धरली तर आल्याआल्या सुरुवात केली तरच उपचार पुरा होतो. उशीर झाला असेल तर परतीच्या आधी केसपेपरची प्रत आणि गावाकडच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून घ्या. १४४१६ देशभर चालतो, त्यामुळे बीडला पोचल्यावरही त्याच नंबरवर फोन करता येतो.