हळद आमच्याच शिवारातली, डबी 1,290 रुपयांची

हळदीचा अर्क, केशर, अश्वगंधा, ब्राह्मी आणि मिरे एका कॅप्सूलमध्ये भरून ‘नैराश्यावर नैसर्गिक उपाय’ म्हणून विकतात, ती ही डबी. भाच्याने मोबाइलवर जाहिरात बघून मागवून दिली. 60 कॅप्सूल, 1,290 रुपये. हळद पिकवणाऱ्या वसमतच्या माणसाने कुरिअरने हळद मागवायची, यावर घरात आधी पोटभर हसून झालं.

माझ्या नैराश्याच्या गोळ्या नांदेडच्या मानसोपचार डॉक्टरांकडून चालू आहेत. डबी आधी त्यांनाच दाखवली. ते म्हणाले, “मॅडम, घ्यायचीच असेल तर घ्या, पण माझी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. पोटात जळजळ झाली की हे बंद.”

शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय राहवत नाही. एका कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य गुणकारी घटक, 250 मिलिग्रॅम. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के धरलं, तर अख्ख्या डबीतलं 15 ग्रॅम म्हणजे अर्धा किलो हळद. मोंढ्यात तिचे साठ-पासष्ट रुपये येतात. अर्क काढायला खर्च असतो, मान्य, पण एवढा? केशर महाग, त्याचे पैसे लागले असतील म्हणावं, तर केशर, अश्वगंधा आणि ब्राह्मी तिघांचं मिळून ‘मिश्रण 200 मिलिग्रॅम’ एवढंच छापलंय. केशर त्यात किती, ते देवाला ठाऊक. तेहरानमधल्या छोट्या चाचण्यांत दिवसाला 30 मिलिग्रॅम केशर दिलं होतं. इथे तेवढं आहे की नुसता रंग, हे कळायला मार्ग नाही.

मिऱ्याचं मात्र खरं आहे. कर्क्युमिन नुसतं खाल्लं तर अंगी फारसं लागत नाही. बेंगळुरूच्या 1998 च्या प्रयोगात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तर शोषण 20 पट झालं. पण तेच पायपरीन इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. याबद्दल डबीवर अवाक्षर नाही.

जाहिरातीचा सगळा जोर ‘एकत्र घेतल्याने दुप्पट परिणाम’ यावर. म्हणून शोधून वाचलं. भावनगरच्या डॉक्टरांनी 2014 मध्ये 60 रुग्णांवर सहा आठवडे फ्लुओक्सेटीन (नैराश्याचं नेहमीचं औषध), कर्क्युमिन आणि दोन्ही मिळून, असं करून पाहिलं. दोन्ही घेणारे आकड्यात पुढे होते, पण फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये 123 जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. कर्क्युमिनवाल्यांना बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं, पण कर्क्युमिनमध्ये केशर मिसळल्याने जास्त काही पदरात पडलं नाही. म्हणजे हळदीत काहीतरी आहे, मला ते पटतं (आणि वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा मी तर म्हणणारच). पण ‘दुप्पट’ आलं कुठून?

डबी संपवली. दुपारी पिवळट ढेकर, उपाशीपोटी घेतली की छातीत जळजळ. मन थोडं हलकं वाटलं, नाही म्हणत नाही. पण गोळी चालूच होती, सकाळचं फिरणंही चालू होतं, शाळेच्या परीक्षाही संपल्या होत्या. श्रेय कॅप्सूलला कसं देऊ?

एवढ्यावर तीन तारे दिले असते. पण शंका विचारायला डबीवरच्या नंबरला फोन केला, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, “ताई, इंग्रजी गोळ्या हळूहळू सोडून द्या, सवय लागते त्यांची.” ना माझं वय विचारलं, ना गोळीचं नाव! डबीच्या तळाशी, नियम आहे म्हणून, बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ छापलेलं, आणि फोनवर हा सल्ला. नैराश्याची गोळी मनाने सोडली की आजार उलटू शकतो, आणि आमच्या भागात तो उलटणं म्हणजे काय हे गावागावाने पाहिलंय. म्हणून एकच तारा.

जाऊबाईंनाही हीच डबी हवी होती. त्यांची थायरॉइडची गोळी चालू आहे आणि अश्वगंधेने थायरॉइडचं प्रमाण हलू शकतं, म्हणून मी ऑर्डर रद्द करायला लावली. ज्यांना डॉक्टरांपर्यंत जायचाच संकोच वाटतो, त्यांनी आधी 14416 लावावा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.