पत्रा सांगितला 0.50 मिलिमीटरचा, निघाला 0.35 चा

मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या पट्ट्यात गावाकडच्या घराची कौलं उतरवून पत्रा टाकायचं कोणाच्या घरात चाललं असेल, तर ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचा. आमचे जवळपास पावणेतीन लाख त्यात गेले. थोडे परत आले, ते कसे तेही सांगते.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या अंगाला. भाऊजी आणि जाऊबाई तिथे राहतात, आम्ही कोथरूडला. मंगलोरी कौलं होती. वानरांच्या टोळ्या नाचून दरवर्षी शे-दीडशे फोडायच्या आणि शाकारणीला माणूस मिळायचा नाही. जे येत ते आता पिरंगुटच्या कंपन्यांत जातात. म्हणून 2024 च्या उन्हाळ्यात पत्रा टाकायचं ठरलं. ओळखीतून एक ठेकेदार आला. उपनगरात दुकान, बोलायला गोड, मला ‘ताई’, ह्यांना ‘साहेब’. नाव लिहीत नाही. अशी दुकानं एकट्या त्याचीच नाहीत.

त्याचं हुकमी पान म्हणजे मोबाइलमधले फोटो. मनालीकडची घरं, लाल-हिरवी उतरती छपरं, वर पांढराशुभ्र थर. “ताई, हाच माल तिकडे जातो. चार-चार फूट बर्फ झेलतो. त्यापुढे तुमच्या मुळशीचा पाऊस म्हणजे काय!”

ऐकायला फार पटतं. पण बर्फाळ भागातलं छप्पर उभं राहतं ते उतारावर आणि खालच्या सांगाड्यावर. तिकडे उतार खडा ठेवतात, म्हणजे बर्फ साचून न राहता घसरतो. खालचे आडवे पाइप जवळजवळ घेतात, कारण बर्फाला वजन असतं. ताज्या भुसभुशीत बर्फाचा फूटभर थर चौरस मीटरला 30 किलोच्या आसपास भरतो. तोच दबून ओलसर झालेला असेल तर तिपटीपर्यंत जातो. बर्फाच्या भाराचं भारतीय मानकच वेगळं आहे, आयएस 875 चा भाग 4. वाऱ्याच्या भाराचा भाग 3. आपल्याकडे लागतो तो भाग 3. ताम्हिणीच्या तोंडावर छपराचा खरा शत्रू म्हणजे खालून उचलणारा वारा, आडवी झड आणि चार महिने न वाळणारा ओलावा. त्यातल्या कशाबद्दलच तो माणूस बोलला नाही. बर्फाच्या फोटोंचं काम एवढंच, की आपण जाडी, मुलामा (पोलादावरचा गंज रोखणारा जस्ताचा थर) आणि स्क्रू विचारायचं विसरावं.

जाडी आम्ही तरीही विचारली. “पॉइंट पन्नास, कंपनीचा माल, 10 वर्षं वॉरंटी.” कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, त्यातही 0.50 लिहिलेलं. खालच्या सांगाड्याला 14 गेजचा चौकोनी पाइप. निम्म्याहून जास्त पैसे आगाऊ.

या 0.50 मध्येच पहिली गोम आहे. रंगीत पत्र्याची जाडी दोन तऱ्हेने सांगतात, एक रंग-मुलाम्यासकट आणि दुसरी आतल्या नुसत्या पोलादाची. मुलामा 150 ग्रॅमचा असेल (चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून), तर सगळं धरून 0.50 असलेल्या पत्र्यात पोलाद साधारण 0.43 असतं. यात फसवणूक नाही, ती धंद्याची रीत आहे. पण जाडी नक्की कुठली, ते कागदावर लिहून घेतलं नाही की पुढे भांडताना “आम्ही टोटल म्हणालो होतो” हे ऐकावं लागतं. आमच्या बाबतीत टोटलसुद्धा 0.50 नव्हती, हा पुढचा भाग.

मेच्या शेवटी, वळीव सुरू झाल्यावर, संध्याकाळी दिवेलागणीला टेम्पो आला. कौलं आधीच उतरवलेली, घर उघडं, आभाळ भरून आलेलं. अशा वेळी पत्रे मोजत, तपासत कोण बसतो? हे वेळापत्रक त्यानेच ठरवलं होतं. थप्पीतल्या वरच्या दोन पत्र्यांच्या पाठीवर कंपनीचं नाव, जाडी, मुलामा, आयएस क्रमांक, बॅच नंबर असं सगळं बारीक काळ्या अक्षरांत छापलेलं होतं. भाऊजींनी त्याचा फोटो काढून आम्हाला पाठवलाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच काम सुरू झालं आणि ते छापील पत्रे पडवीवर गेले. पडवीला खालून काही झाकलेलं नाही, येणारा-जाणारा मान वर करून वाचू शकतो. आतल्या खोल्यांना लाकडी माळा आहे. तिथला पत्रा खालून कोणालाच दिसत नाही. आणि तिथल्या एकाही पत्र्यावर एक अक्षर नव्हतं, हे आम्हाला ऑगस्टमध्ये कळलं.

कळलं ते 25 जुलैमुळे. सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं तो दिवस. ताम्हिणीत तेव्हा 24 तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. आमच्या पश्चिमेकडच्या बाजूला दोन पत्र्यांचा जोड उचकटला, आढ्याचा पत्रा एका टोकाला वाकला आणि माळ्यावरचं भात भिजलं. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, “एवढ्या पावसात कोणाचंही उडेल, ताई.” तेव्हा तेही पटलं. मग पाऊस उघडल्यावर भाऊजी वर चढले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखालून गंजाचा तांबूस ओघळ आलेला. दोन महिन्यांत! रबराचा वॉशर म्हणून जे होतं ते कडक प्लॅस्टिक, नखाने तुटलं. चांगल्या स्क्रूला ईपीडीएम या टिकाऊ रबराचा वॉशर असतो, तो उन्हात तडकत नाही. शिवाय पत्रे वर चढवून तिथेच ग्राइंडरने कापले होते. त्याच्या ठिणग्या रंग जाळत जातात आणि कडेचा मुलामा करपतो. जिथे ठिणगी पडली तिथे बारीक गंजाचा ठिपका, जणू देवी आल्या होत्या छपराला. पत्रा कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) कापायचा असतो आणि कीस त्याच दिवशी झाडून काढायचा असतो.

आता पुरावा. काम संपल्यावर ठेकेदाराच्या पोरांनी कापून उरलेले सगळे तुकडे गोळा करून टेम्पोत भरले. जाऊबाई म्हणाल्या, किती स्वच्छतेने काम केलं बघा! पण एक तीन फुटी तुकडा त्यांनी आदल्याच दिवशी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला होता, तो राहिला. माझा भाचा चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. त्याने मायक्रोमीटर आणला आणि तुकड्याच्या चारी कडा मोजल्या. रंगासकट 0.34, 0.35, 0.36. मग तो तुकडा घेऊन आम्ही गावातल्या किराणा दुकानात गेलो. तांदळाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचं वजन भरलं 2 किलो 700 ग्रॅम. दुकानदाराने विचारलं, काय भाव लावू?

हा वजनाचा हिशोब कोणीही करू शकतो, त्यासाठी भाचा लागत नाही. पोलाद चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे 7.85 किलो भरतं. पत्रा चार फूट रुंद सपाट गुंडाळीतून (कॉईल) वळवलेला असतो, तेव्हा नागमोडी रुंदी न मोजता चार फूटच धरायची. तीन फुटी तुकडा म्हणजे साधारण 1.1 चौरस मीटर. 0.50 चा पत्रा असता तर मुलामा आणि रंग धरून तो 4 किलोच्या आसपास भरला असता. अख्खा बारा फुटी पत्रा 16 किलोच्या जवळपास हवा, 0.35 चा 11 सुद्धा भरत नाही. रंग, चकाकी, वॉरंटी कार्ड, काहीही खोटं करता येतं. वजन वाढवायचं तर पोलादच घालावं लागतं.

आमच्या सगळ्या छपराचं गणित मांडलं तर दीडेकशे किलो पोलाद कमी. त्या वेळच्या भावाने पंधरा-वीस हजारांचा माल. एवढ्यासाठी! पाइपात याहून जास्त खाल्लं. 14 गेज म्हणजे 2 मिलिमीटर भिंतीचा पाइप. लागला होता 18 चा, 1.2 मिलिमीटरचा. तोंडांना टोप्या बसवून वर रेड ऑक्साइड मारलेलं, त्यामुळे जाडी दिसायचा प्रश्नच नाही. भाच्याने एक टोपी काढली तेव्हा दिसली. पाइप लावण्याआधी कापलेलं तोंड बघा, टोपी नंतर बसू दे.

वॉरंटीचीही गंमत ऐका. कार्ड रंगीत, गुळगुळीत, वर कंपनीचं चिन्ह. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला तर त्यांनी शांतपणे विचारलं, पत्र्याच्या पाठीवरचा बॅच नंबर सांगा आणि पक्कं बिल पाठवा. आमच्याकडे दोन पत्र्यांचा नंबर आणि एक कच्ची पावती. ते कार्ड ठेकेदारानेच छापून घेतलेलं होतं. जीएसटीचे 18 टक्के वाचवतो म्हणून कच्चं बिल देणारा प्रत्यक्षात स्वतःचा माग पुसत असतो. पक्क्या बिलावर मालाचं वर्णन आणि मोजमाप लिहावं लागतं, तेच त्याला नको असतं.

रंगीत पत्र्याला आता आयएसआय खूण सक्तीची आहे: जस्ताच्या मुलाम्यावर रंग असेल तर आयएस 14246, जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मुलाम्यावर असेल तर आयएस 15965. खुणेसोबत परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, चालू आहे का, ते तिथल्या तिथे कळतं. हे अ‍ॅप फुकट आहे. टेम्पोतून माल उतरवण्याआधी थप्पीतला मधलाच एखादा पत्रा ओढून बघा, वरचा नको.

पैसे परत कसे आले? आधी फोन, मग फोन उचलणं बंद, मग दुकानात माणूस सांगतो “शेठ बाहेरगावी”. ग्राहक हेल्पलाइनला (1915) तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला, बाकी तिकडून फारसं हललं नाही. हलवलं ते वकिलाच्या नोटिशीने. तिला जोडलं होतं 0.50 लिहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप कोटेशन, बँकेतून केलेल्या भरण्याच्या नोंदी, काट्यावर ठेवलेल्या तुकड्याचा आकडा दिसेल असा फोटो, मायक्रोमीटरचे फोटो, आणि चार्टर्ड इंजिनिअरकडून घेतलेला दोन पानी अहवाल. नोटीस मिळाल्यावर शेठ बाहेरगावाहून लगेच परतले. घरी आले, चहा घेतला, “ताई, सप्लायरने मला फसवलं” म्हणाले. सप्लायरचं नाव विचारलं तर ते आठवेना. शेवटी 90 हजारांचा चेक दिला आणि तो वटला. मजुरी, भिजलेलं भात, वकिलाची फी हे आमच्या अंगावर. ह्यांचं मत होतं की ग्राहक आयोगात जायचंच. भाऊजींना पुढच्या पावसाच्या आत डोक्यावर छप्पर हवं होतं. भाऊजींचं ऐकलं, कारण राहणार ते होते.

दुसऱ्यांदा पत्रा थेट स्टॉकिस्टकडून घेतला. कोटेशनवर आतल्या पोलादाची जाडी, मुलाम्याचे ग्रॅम, प्रत्येक पत्र्याची लांबी आणि एकूण वजन लिहून घेतलं. भरलेला टेम्पो वाटेत वजनकाट्यावर चढवला. ड्रायव्हर कुरकुरला, त्याला चहा-वडापाव दिला. लावणारा माणूस वेगळा, त्याच्याशी फक्त मजुरीचा ठराव, स्क्रू आम्ही आणून दिले. आणि मोजणी झाकल्या जाणाऱ्या रुंदीवर ठरवली. अंगची रुंदी साडेतीन फूट असलेला पत्रा एकावर एक चढल्यावर सव्वातीन फूटच झाकतो. चौरस फुटाचा दर सांगणारे ही पाव फुटाची पट्टी दर पत्र्याला दोनदा लावतात.

ज्यांचं काम आधीच होऊन गेलंय आणि शंका येतेय त्यांच्यासाठी: ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली 50 लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं आहे. पातळ पत्रा पहिल्या पावसाळ्यात बहुधा तग धरतो, त्यामुळे ती मुदत कुठून मोजायची यावर समोरचा वकील हमखास वाद घालतो. गळती दिसली त्याच आठवड्यात ठेकेदाराला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, आणि उरलेला एखादा तुकडा भंगारवाल्याला देऊ नका.