तळ्यासाठी जुनी शिडाची होडी: पाण्याचा बॅलास्ट घ्यावा की लोखंडी कील?

टेक्सासातल्या ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिससारख्या तळ्यावर जुनी सेलबोट घ्यायची म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक पाण्याच्या बॅलास्टची (म्हणजे होडी सरळ ठेवणाऱ्या तळातल्या वजनाची) मॅकग्रेगर 26 एस, दुसरी वर-खाली होणाऱ्या लोखंडी कीलची (म्हणजे तळाखालच्या जड पात्याची) कॅटालिना 22. दोन्ही मी चालवल्या आहेत, पहिली माझ्याकडे आहे. होडी बघायला जाण्याआधी एकच ठरवा: ती ट्रेलरवर घरी राहणार, की मरीनात, म्हणजे होड्यांच्या धक्क्यावर, पाण्यातच?

घरी राहणार असेल तर मी डोळे झाकून मॅकग्रेगर म्हणेन. 26 एस 1990 ते 1995 या काळात कॅलिफोर्नियात बनली. रिकामी होडी 1650 पौंडांची, आणि 1200 पौंडांचा बॅलास्ट म्हणजे तळ्याचंच पाणी. उतरल्यावर भरायचं, निघताना तिथेच सोडायचं. कॅटालिनाचं 550 पौंडांचं बिडाचं कील मात्र हायवेवरही तुमच्यासोबतच. ट्रेलर, इंजिन, सामान धरून ती साधारण साडेतीन हजार पौंडांच्या घरात जाते. व्ही-6 इंजिनची टोयोटा हायलँडर गाडी दोन्ही ओढेल, पण होडी पाण्यात उतरवायच्या रॅम्पच्या शेवाळलेल्या चढावर फरक लगेच जाणवतो. होंडा सीआर-व्हीची ओढायची मर्यादा 1500 पौंड, त्यामुळे तिचा विचारच नको.

पाण्यात उतरल्यावर मात्र पारडं फिरतं. पाण्यात पाण्याला वजन नसतं. बॅलास्टची टाकी पाण्याच्या पातळीच्या वर उचलली जाऊ लागली की मगच तिचा भार होडीला सरळ करायला लागतो. म्हणून मॅकग्रेगर पहिल्या झुळकीला पटकन कलते आणि मग ठाम उभी राहते. माझ्या बायकोला तो पहिला झोक सवयीचा व्हायला अख्खा एक सीझन लागला. कॅटालिनाचं लोखंड पाच फूट खाली लोंबतं, त्यामुळे ती सुरुवातीपासून भारदस्त वाटते. ट्रॅव्हिसच्या टेकड्यांमधून वारा अचानक येतो तेव्हा हा फरक मोठा आहे. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर कॅटालिनाकडे नक्की बघा.

मॅकग्रेगरमध्ये एक गोष्ट जिवाशी येते. टाकी अर्धवट भरून कधीही शीड चढवू नका, नुसतं इंजिनवर जातानाही माणसांची गर्दी करू नका. 2002 च्या 4 जुलैला लेक शॅम्प्लेनवर 26 फुटी मॅकग्रेगर उलटली. होडीवर 11 माणसं होती आणि बॅलास्ट भरलेला नव्हता. दोन मुलं गेली. मी मागचा व्हॉल्व्ह उघडतो, पुढच्या गादीखालच्या भोकातून हवा फुसफुसत बाहेर येते, मागची बाजू हळूहळू खाली बसते. आवाज थांबला की त्या भोकात बोट घालतो. बोटाला पाणी लागलं तरच झाकणं घट्ट करायची. ही मिनिटं कुणी घाई केली म्हणून वाचवायची नाहीत.

तळ्यांचा आणखी एक प्रश्न म्हणजे झेब्रा शिंपले, होडीतल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी शिंपले. ट्रॅव्हिसमध्ये ते 2017 मध्ये सापडले. टेक्सासात 2014 पासून तळं सोडताना होडीतलं सगळं पाणी काढणं कायद्याने बंधनकारक आहे. टाकीच्या तळाशी थोडं पाणी राहतंच, म्हणून घरी आल्यावर ट्रेलरची दांडी उंच करून व्हॉल्व्ह उघडा ठेवा. आज या तळ्यावर, पुढच्या शनिवारी त्या तळ्यावर, असं फिरणार असाल तर हे काम प्रत्येक वेळचं. कॅटालिनाचं नुसतं तळ कोरडं केलं की झालं.

हंटर 23.5 दिसली तर थांबा. तिच्यात 1000 पौंड पाण्याचा बॅलास्ट आहे, आणि बसायची जागा मॅकग्रेगरपेक्षा सुटसुटीत. मॅकग्रेगरचीच 26 एक्स मोठ्या इंजिनवर पळते, पण शिडावर मंद वाऱ्यात ती मला कंटाळवाणी वाटली, आणि तळ्यावर वारा बहुतेक वेळा मंदच असतो.

बघायला गेलात की मॅकग्रेगर पाण्यात उतरवून टाकी भरायला सांगा आणि तासभर थांबा. माझ्या खरेदीच्या वेळी विकणाऱ्याने "गळत नाही" म्हणून सांगितलं होतं. मी गादी उचलली तर आतल्या कोपऱ्यात, जुन्या डागाच्या कडेने, ओलावा चढत होता. किंमत तिथेच कमी झाली. कॅटालिनाचं कील वर-खाली करणारी वायर आणि कीलची पिन तपासा. वायर तुटली तर 550 पौंड एकदम खाली येतात. सुट्या भागांत कॅटालिना जिंकते, 15,000 पेक्षा जास्त बनल्यात. मॅकग्रेगरची कंपनी 2013 मध्ये बंद झाली, तरी व्हॉल्व्हचं रबर कुठेही जमवता येतं.

शेवटी ट्रेलरचे टायर. बाजूला कोरलेले चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांचे असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला.